ओ-टू लावलं की कोड का मरतो? एका गाजलेल्या शोधनिबंधाची उलटतपासणी

मे महिन्यात रात्री साडेदहानंतर फोन वाजला की तो जळगावहून असणार, हे मला आता पाठ झालंय. इंजिनिअरिंगचा माझा एक वर्गमित्र तिथं शेतीपंपाचे कंट्रोलर बनवतो. मोठी कंपनी वगैरे काही नाही. दोन खोल्या, सोल्डरिंगचं एक टेबल आणि हाताखाली तीन पोरं. थ्री-फेज आली की पंप सुरू, ठरलेली वेळ झाली की बंद, एखादा फेज गेला तरी बंद, आणि मालकाच्या मोबाइलवर एसएमएस. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना ही वस्तू लागतेच. लाइट येते रात्री-बेरात्री, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि केळीला पाण्याची पाळी चुकलेली चालत नाही.

या वेळी झालं असं, की गिऱ्हाइकांनी एसएमएस मराठीत मागितले. मराठी मजकुराचे तक्ते घातले आणि ६४ केबीच्या चिपमध्ये प्रोग्रॅम मावेना. एका पोरानं इंटरनेटवर शोधून कंपायलरचं सेटिंग बदललं: 'ओ-झीरो'चं 'ओ-एस' केलं. ओ-एस म्हणजे साइज कमी करणारं ऑप्टिमायझेशन. प्रोग्रॅम आरामात मावला. बोर्डाला करंट दिला, हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि सगळं ठप्प. सेटिंग परत ओ-झीरो केलं, जुने इंग्रजी एसएमएस टाकले, तर बोर्ड चालू. कोडमधली एकही ओळ बदललेली नाही!

"भो, मना कोड बराबर शे, कंपायलरच येडा शे," हा त्याचा निष्कर्ष. माझी पीएचडी कंपायलरमधली, त्यामुळे जगातल्या सगळ्या कंपायलरांच्या पापाचा जाब मलाच द्यावा लागतो.

मी त्याला त्या रात्री जे उत्तर दिलं ते आमच्या क्षेत्रातलं छापील उत्तर होतं: कंपायलर बरोबर, तुझा कोड चूक. हे उत्तर ज्या शोधनिबंधात सगळ्यात नीट मांडलंय तो २०१३ सालचा, एमआयटीच्या चौघांचा. शी वांग, निकोलाय झेल्दोविच, फ्रान्स काशूक आणि आर्मांदो सोलार-लेझामा. निबंध मी दोन-तीनदा वाचलाय, सेमिनारमध्ये मांडलाय. पण फोन ठेवल्यावर पुन्हा उघडला आणि काही गोष्टी खुपायला लागल्या. त्याबद्दलच आज लिहितोय.

आधी बोर्ड का थांबला ते सांगून टाकतो. त्याच्या कोडमध्ये 'तयार' नावाचं एक व्हेरिएबल होतं. सुरुवातीला त्याची किंमत शून्य. मुख्य प्रोग्रॅम एका लूपमध्ये वाट बघत बसतो: तयार शून्य आहे तोवर काही करू नको. तिकडून मोडेम जागा झाला की इंटरप्ट येतो आणि तो 'तयार'ची किंमत एक करतो. ओ-झीरोला कंपायलर आज्ञाधारक असतो. लूपच्या प्रत्येक फेरीत तो मेमरीत जाऊन किंमत वाचतो. ऑप्टिमायझेशन लावलं की तो विचार करायला लागतो. तो म्हणतो, या लूपच्या आत तर 'तयार' कुणी बदलतच नाही, मग दर वेळी मेमरीपर्यंत हेलपाटा कशाला? एकदा वाचू, रजिस्टरमध्ये ठेवू, तेच तपासू. एकदा शून्य वाचलं की शून्यच. इंटरप्ट येतो, मेमरीतली किंमत बदलतो, पण तिकडे बघणारं कुणी उरलेलं नसतं. दार वाजतंय आणि घरातला माणूस कानात बोळे घालून बसलाय, अशातली गत. 'व्होलाटाइल' हा एक शब्द व्हेरिएबलच्या आधी लिहिला की कंपायलरला प्रत्येक वेळी मेमरीत जावंच लागतं.

आता कंपायलरचा आणि आपला करार काय असतो? कोड तो हवा तसा फिरवेल, कापेल, पण प्रोग्रॅमचं बाहेरून दिसणारं वागणं तेच ठेवेल. या कराराला एक बारीक अक्षरातली अट आहे. तुम्ही भाषेचे नियम मोडलेत, तर त्याच्यावर कसलंच बंधन नाही. याला 'अनडिफाइन्ड बिहेवियर' म्हणतात. नल पॉइंटरमधून वाचणं, ॲरेच्या बाहेर जाणं, चिन्हांकित पूर्णांक त्याच्या कमाल मर्यादेपलीकडे वाढवणं, सगळं यात येतं.

गंमत अशी की कंपायलर ही अट उलटी वाचतो. नियम मोडला तर काहीही होऊ शकतं, म्हणजे नियम कधी मोडलाच जाणार नाही असं मी धरून चालतो. समजा तुम्ही काळजीनं तपासणी लिहिली: 'क्ष + १०० < क्ष' असेल तर बेरीज ओव्हरफ्लो झाली, थांबा. ३२ बिटांचा पूर्णांक २१४७४८३६४७ पर्यंतच जातो, त्यापुढे बहुतेक यंत्रांवर तो ऋण होतो, म्हणून ही तपासणी आपल्याला शहाणपणाची वाटते. कंपायलर म्हणतो, ओव्हरफ्लो नियमबाह्य, म्हणजे होणार नाही, म्हणजे क्ष + १०० कधीच क्षपेक्षा लहान नाही, म्हणजे ही ओळ निरुपयोगी. पुसली! २००७ च्या जानेवारीत जीसीसीकडे नेमकी अशीच तक्रार नोंदवली गेली आणि त्यावरचा वाद कंपायलरवाल्यांच्या वर्तुळात अजून सांगितला जातो. उत्तर हेच मिळालं, की भाषेच्या नियमानुसार आम्ही बरोबर आहोत. तुम्हाला ओव्हरफ्लो गुंडाळून हवा असेल तर 'एफ-रॅप-व्ही' हे सेटिंग लावा.

एमआयटीच्या निबंधाचं मोठेपण असं, की त्यानं 'चूक कुणाची' हा जुना वाद बाजूला ठेवून नवीन नाव दिलं: ऑप्टिमायझेशनमुळे अस्थिर होणारा कोड. म्हणजे असा तुकडा, जो प्रोग्रॅमरला जिवंत वाटतो पण नियमभंगाच्या गृहीतकावर कंपायलर तो टाकून देऊ शकतो. व्याख्या साधी, पण तिच्यामुळे यंत्राला शोधता येईल अशी गोष्ट हाती लागली. त्यांनी स्टॅक नावाचं साधन बनवलं. ते प्रत्येक तुकड्याबद्दल तर्क सोडवणाऱ्या सॉल्व्हरला दोन प्रश्न विचारतं. नियमभंगाबद्दल काहीही गृहीत न धरता हा तुकडा काढता येतो का? आणि प्रोग्रॅम कधीच नियम मोडत नाही असं धरलं तर? पहिल्याचं उत्तर नाही आणि दुसऱ्याचं हो आलं, की तो तुकडा अस्थिर. सेमिनारमध्ये हे सांगताना मला दर वेळी वाटतं, आपल्याला का नाही सुचलं हे.

त्यांनी वापरात असलेले बारा कंपायलर घेऊन कोणती तपासणी कोणत्या ओ-पातळीला गायब होते याचा तक्ताही दिलाय. एकच ओळ एका कंपायलरमध्ये ओ-वनला मरते, दुसऱ्यात ओ-टूला, तिसऱ्यात मरतच नाही. 'आमच्याकडे तर चालतं' या वाक्याची सगळी हवा तो तक्ता काढून घेतो. माझ्या मते निबंधातलं हे सगळ्यात उपयोगी पान.

उदाहरणंही खणखणीत आहेत. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ६४ बिटांचा सगळ्यात लहान ऋण आकडा उणे एकनं भागला तर उत्तर मावत नाही. लिहिणाऱ्याला हे माहीत होतं, त्यानं तपासणी घातली होती, पण भागाकार झाल्यानंतर. काही कंपायलर ती तपासणीच उडवतात, आणि इंटेलसारख्या यंत्रावर तर तो भागाकारच सापळ्यात पडतो. सर्व्हर कोसळतो. एका ओळीची क्वेरी पुरते. लिनक्स कर्नलमध्ये २००९ साली उघडकीला आलेलं ट्यून ड्रायव्हरचं प्रकरण त्याच जातीचं. तिथं पॉइंटरमधून आधी वाचलं होतं आणि पॉइंटर नल आहे का हे नंतर विचारलं होतं. जीसीसीनं म्हटलं, ज्या अर्थी तू वाचलंस त्या अर्थी तो नल नाही, आणि तपासणी काढली. नुसता क्रॅश नाही, त्यातून थेट कर्नलवर ताबा मिळवता आला. त्यानंतर कर्नलवाल्यांनी नल-पॉइंटरच्या तपासण्या उडवायला मनाई करणारं सेटिंग कायमचं लावून टाकलं.

स्टॅकनं अशा १६० नव्या चुका शोधल्या, ज्या त्या-त्या प्रकल्पांनी मान्य करून दुरुस्त केल्या. इथवर मी निबंधाच्या पूर्ण बाजूनं आहे.

खुपतं ते पुढे. डेबियन व्हीझीच्या ८,५७५ सी आणि सी++ पॅकेजांवर स्टॅक चालवल्यावर ३,४७१ मध्ये किमान एक तरी अस्थिर तुकडा सापडला. म्हणजे शंभरात चाळीस. निबंध हा आकडा प्रोग्रॅमरांच्या चुकांची व्याप्ती म्हणून मांडतो. मला तो वेगळा दिसतो. शंभरातली चाळीस पोरं एकाच प्रश्नात नापास झाली, आणि ती पोरं साधीसुधी नाहीत, डेबियनमध्ये ज्यांचा कोड जातो ती आहेत, तर आपण आधी पेपर सेट करणाऱ्याला बोलावतो. निबंध त्याला फार हळू हाक मारतो. कंपायलरनं इशारा द्यावा, भाषेचे नियम बदलावेत, अशा वाटा त्यात आहेत, नाहीत असं नाही. पण साधन उभं राहिलं ते कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यावर. 'अस्थिर कोड' या नावातच हे आलं. अस्थिरता कोडची, कंपायलर म्हणजे जणू पाऊस, त्याला कोण जाब विचारणार?

कंपायलरवाल्यांची बाजूही मांडायला हवी, मी त्यांच्याच ताटातला आहे. ते दुष्टपणानं काही करत नाहीत. लूपचा मोजणारा पूर्णांक ओव्हरफ्लो होणार नाही असं धरलं, तर ६४ बिटांच्या यंत्रावर लूप खरंच चांगला बसतो. आणि 'ही ओळ प्रोग्रॅमरनं मुद्दाम लिहिली की मॅक्रोतून फुकटची आली' हे कंपायलरला कळत नाही. निरुपयोगी ओळी काढणं हे त्याचं रोजचं काम आहे. पण या गृहीतकांतून वेग किती मिळतो, हा प्रश्न २०१३ च्या निबंधानं विचारायलाच हवा होता. नियम मोडल्याची किंमत त्यात मोजली आहे, नियम तसाच ठेवल्याचा फायदा मात्र मोजलेला नाही. ते मोजमाप पीएलडीआय परिषदेत २०२५ साली लुचियन पोपेस्कू आणि नुनो लोपेश यांनी मांडलं. क्लँगमधली ही गृहीतकं एकेक करून बंद करून त्यांनी खरे प्रोग्रॅम चालवून पाहिले. तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये एकूण वेगातला फरक किरकोळ निघाला, आणि जिथं वेग कमी झाला तिथंही तो बऱ्याचदा इतर मार्गांनी भरून काढता आला. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एवढ्या किरकोळ नफ्यासाठी आपण वीस वर्षं भांडत होतो?

आणि मोठे लोक काय करतात बघा. लिनक्स कर्नल ओव्हरफ्लोबद्दलची आणि पॉइंटरच्या प्रकारांबद्दलची गृहीतकं सेटिंग लावून बंद करतं. पोस्टग्रेसही एफ-रॅप-व्ही लावतं. म्हणजे ज्यांच्याकडे जाणकार माणसं आहेत त्यांनी या करारातून गुपचूप अंग काढून घेतलंय, त्यांची सी ही थोडी वेगळी, मऊ सी आहे. पूर्ण कडक करार लागू होतो तो कुणाला? जो सेटिंगच्या यादीत खोल जात नाही त्याला. म्हणजे जळगावच्या दोन खोल्यांना. एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाही. निबंधाच्याच वर्षी, २०१३ मध्ये, जीसीसी ४.८ आलं आणि लूपच्या फेऱ्या किती होतील याचा जास्त आक्रमक अंदाज बांधायला लागलं. त्यात ज्या प्रोग्रॅमसंचावर कंपायलरचा वेग मोजतात त्या स्पेक २००६ मधलाच एक प्रोग्रॅम, व्हिडिओ एन्कोडरचा, बिघडला. ॲरेच्या टोकापलीकडची एक जागा तो वाचत होता. जीसीसीच्या प्रकाशन-टिपणीत तसं चक्क लिहिलंय. परीक्षकच नापास.

दुसरी तक्रार जास्त जवळची आहे. मित्राचा कोड स्टॅकखाली घातला असता तर काही सापडलं असतं का? माझ्या मते नाही. इंटरप्ट येऊन मधेच एखादं व्हेरिएबल बदलतो, ही गोष्ट साध्या सी भाषेच्या नियमांत बसतच नाही, तिथं हार्डवेअरचा इंटरप्ट नावाचा प्राणीच नाही. स्टॅक शोधतं पॉइंटर, ओव्हरफ्लो, शिफ्ट, भागाकार वगैरे. पॉइंटरच्या प्रकारांचे नियम मोडणं आणि सुरुवातीची किंमत न देता व्हेरिएबल वापरणं हे लेखकांनी मुद्दाम वगळलं, कारण जीसीसी त्याबद्दल बऱ्यापैकी इशारे देतं असं त्यांनी लिहिलंय. हरकत नाही, कुठंतरी रेघ मारावी लागते. पण मथळ्यात 'ऑप्टिमायझेशन-सुरक्षित प्रणाली' म्हणायचं आणि जगात सगळ्यात जास्त संख्येनं असलेल्या प्रणाली, म्हणजे पंपात, मिक्सरमध्ये, मीटरमध्ये बसलेल्या छोट्या चिप, चौकटीबाहेर ठेवायच्या, हे मला अर्धं वाटतं.

आणि 'व्होलाटाइल लिही, मग कंपायलर बरोबर वागेल' हे तरी किती खरं? एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी २००८ साली बाजारातले तेरा कंपायलर फक्त या एका शब्दासाठी तपासले. तेराही कंपायलर कुठं ना कुठं चुकले! पुढे २०११ मध्ये रेगरच्याच गटानं सीस्मिथ या साधनानं यादृच्छिक प्रोग्रॅम बनवून कंपायलरांना खाऊ घातले आणि ३२५ हून जास्त नव्या चुका बाहेर काढल्या. म्हणजे 'कंपायलरच येडा शे' हे वाक्य आम्ही पीएचडीवाले हसण्यावारी नेतो तितकं हास्यास्पद नाही. दहातल्या नऊ वेळा, कदाचित त्याहून जास्त वेळा, चूक कोडचीच निघते हे खरं. पण दहाव्या वेळेसाठी त्या माणसाकडे काहीच साधन नसतं, आणि कंपायलरबद्दल तक्रार केली की त्याला आधी मूर्ख ठरवलं जातं.

आता थोडं घरचं. आम्ही दोघंही धुळे जिल्ह्यात शिकलो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हे बहुतेक कॉलेजांत चालतं. सी भाषेच्या पेपरात हमखास प्रश्न असायचा: एकाच प्रिंटएफमध्ये आय, आय-प्लस-प्लस आणि प्लस-प्लस-आय छापा, आउटपुट काय? टर्बो सी उजवीकडून डावीकडे मोजतो, म्हणून अमुक तीन आकडे. आम्ही ते पाठ केले. मी एका परीक्षेत 'भाषेनं याचं उत्तर ठरवलेलं नाही' असं लिहिलं आणि दोनपैकी शून्य घेतलं. विचारायला गेलो तर प्रयोगशाळेतला निळा पडदा दाखवला गेला: हे बघ, आलं की नाही उत्तर? दोन मार्कांचं दुःख कधीच गेलं. पण त्या निळ्या पडद्यानं एक समज पक्का केला, की यंत्रानं जे छापलं तोच प्रोग्रॅमचा अर्थ. या समजावर वाढलेला माणूस ओ-झीरोवर बोर्ड चालताना बघून 'मना कोड बराबर शे' म्हणणारच. दुसरं काय म्हणेल?

विषय अवघड किंवा परदेशी म्हणून शिकवत नाहीत, असंही नाही. आयआयटी मुंबईत उदय खेडकर यांनी जीसीसीवर वर्षानुवर्षं काम केलं, कार्यशाळा घेतल्या, तिथं जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्याबरोबरचं त्यांचं डेटा-फ्लो विश्लेषणावरचं पुस्तक २००९ चं आहे. कंपायलर 'ही किंमत इथं बदलत नाही' हे कसं ठरवतो, म्हणजे मित्राचं 'तयार' रजिस्टरमध्ये का अडकलं, याचं मूळ गणित त्यात आहे. जळगावहून मुंबई रेल्वेनं एका रात्रीवर. पण त्या पुस्तकातला एक धडा जरी दुसऱ्या वर्षाच्या सी लॅबमध्ये उतरला, एकच प्रोग्रॅम ओ-झीरो आणि ओ-टूला चालवून दाखवला, तरी माझे साडेदहाचे अर्धे फोन बंद होतील. एमआयटीच्या निबंधात शिक्षणाबद्दल काही नाही, त्यांच्याकडून ती अपेक्षाही नाही. आपल्याकडे मात्र तो तक्ता वर्गात लावण्याजोगा आहे.

बोर्डाचं पुढे काय झालं? व्होलाटाइल टाकलं, दिवा नीट लुकलुकायला लागला, मोडेम जागा झाला, मराठी एसएमएसही आला: पंप सुरू झाला. पंप सुरू झालाच नव्हता. स्टार्टरचं बटण दोन सेकंद दाबल्यासारखं करायला एक रिले आहे, त्याचा 'टक' आवाजच येईना. फोनवर मी म्हटलं, दोन सेकंद थांबायला काय लिहिलंय? "रिकामा लूप, आकडे मोजणारा." रिकामा लूप! आत काही नाही, बाहेर परिणाम नाही, कंपायलरनं तो अख्खा उचलून फेकला. दोन सेकंदांचे काही मायक्रोसेकंद झाले, तेवढ्यात रिले हलतही नाही. त्याला चिपमधला टायमर वापरायला लावला. तिसऱ्या रात्री रावेरच्या त्या शेतात पंप चालला.

अकरा जुने बोर्ड अजून वेगवेगळ्या शेतांत ओ-झीरोवर चालू आहेत, इंग्रजी एसएमएस पाठवत. पावसाळा लागेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय. तोवर तो तिन्ही पोरांना प्रत्येक प्रोग्रॅम दोन्ही सेटिंगवर चालवायला लावतोय, आणि मला रोज विचारतोय की एफ-रॅप-व्ही लावू का. मी लाव म्हटलंय.